धनुष्याच्या दोरीसाठी धागा निवडताना आधी टोकं बघा

"मावशी, कुठली दोरी लावू?" असं विचारत कोणी आलं, की मी दोरीचं नावच काढत नाही. म्हणते, धनुष्य पिशवीतून काढ आणि आधी टोकं दाखव. पोरं जरा हिरमुसतात. त्यांना दोऱ्यांची नावं ऐकायची असतात, कुठल्या दोरीने बाण किती लांब जातो ते हवं असतं. पण दोरीचा फास ज्या खाचेत बसतो तिथे काय आहे, हे कळल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

मी काळाचौकीची. आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, आणि मी एकोणतीस वर्षं धागे आणि दोर तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. क्रेनचे पट्टे, जहाजांचे दोर, सुतळ्या, शिलाईचा धागा, सगळं आमच्याकडे तुटायला यायचं. यंत्राच्या दोन जबड्यांत धागा धरायचा, ओढायचा आणि तुटला की दोन आकडे लिहायचे: किती वजनाला तुटला, आणि तुटण्याआधी किती लांबला. गिऱ्हाईक नेहमी पहिलाच आकडा विचारायचं. धनुष्याच्या दोरीचा जीव मात्र दुसऱ्या आकड्यात असतो. हे मला प्रयोगशाळेत रोज दिसत होतं आणि तरी मैदानावर मी तीच चूक केली.

सात वर्षांपूर्वी मी एक जुनं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य घेतलं, लाकूड आणि फायबरग्लासच्या थरांचं, 1970 च्या दशकातलं. 28 इंच ओढायला 38 पौंडांचा जोर लागायचा. विकणाऱ्याने सोबत एक सडपातळ पांढरी दोरी दिली आणि म्हणाला, "ही लावा, बाण सुसाट जाईल." गेलाही. तिसाव्या-पस्तिसाव्या बाणाला 'टक्' असा बारीक आवाज आला. मला वाटलं बाणाचं नॉक, म्हणजे शेपटाकडची दोरीवर बसणारी खाच, फुटलं. खालच्या लिंबचं टोक खाचेपासून उभं चिरलं होतं. (धनुष्याच्या वरच्या-खालच्या हातांना इथे सगळे 'लिंब'च म्हणतात. सुरुवातीला मी दोन आठवडे मनातल्या मनात हसत होते.) धनुष्य गेलं. दोरीला ओरखडासुद्धा नव्हता.

झालं काय ते सांगते. तुम्ही धनुष्य ओढून जी ताकद साठवता, ती सगळी बाण घेऊन जात नाही. उरलेली दोन्ही लिंबांत आणि दोरीत राहते, आणि पुढे झेपावणाऱ्या लिंबांना शेवटी दोरीच थांबवते. दोरी थोडी ताणणारी असेल तर ती मोटरमनने चर्चगेटला गाडी आणावी तशी सावकाश थांबवते. ताणतच नसेल तर गाडी बफरवर आदळते. तो दणका फासातून थेट टोकावर बसतो, आणि त्यात फास बारीक असेल तर तारेने साबण कापावा तसा लाकडात रुततो. नव्या धनुष्यांच्या टोकांवर शिंग, फायबर किंवा कडक लॅमिनेटचा थर चिकटवलेला असतो, तो यासाठीच. माझ्या जुन्या रिकर्व्हला तो नव्हता.

म्हणून टोकं बघायची. खाच नुसत्या लाकडात किंवा बांबूत कापलेली असेल, किंवा धनुष्य जुनं असून त्याबद्दल ठाम काही कळत नसेल, तर डॅक्रॉन लावा आणि विषय संपवा. टोकांवर वेगळा, कडक थर डोळ्यांनी दिसत असेल आणि बनवणाऱ्याने 'फास्टफ्लाइट चालेल' असं लिहून दिलं असेल, तरच न ताणणाऱ्या दोरीचा विचार करा. "चालेल हो ताई, सगळे लावतात" याला लिहून दिलं म्हणत नाहीत.

डॅक्रॉन हे भारी नाव ऐकून दबून जाऊ नका. ते पॉलिएस्टर आहे. आपल्या वडिलांच्या पिढीचे टेरिकॉटचे शर्ट आठवतात ना, घामाने अंगाला चिकटणारे? त्यातलं टेरिलीन ते हेच. धनुष्यासाठी त्याचा बी-50 नावाचा धागा वर्षानुवर्षं चालला, आता त्याच घराण्यातला बी-55 मिळतो. एक धागा साधारण 50 पौंडांना तुटतो. किती धागे घ्यायचे याचा प्रचलित हिशेब असा: 25 ते 35 पौंडांच्या धनुष्याला 10, 35 ते 45 ला 12, 45 ते 55 ला 14 आणि त्यापुढे 16.

आता कोणी म्हणेल, बारा धागे म्हणजे 600 पौंड, आणि धनुष्य 38 पौंडांचं. पंधरापट कशाला? प्रश्न बरोबर आहे. सोडताना दोरीवर येणारा झटका ओढण्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, म्हणून जुना नियम निदान चौपट ताकदीचा आहे. चौपटीला डॅक्रॉनचे चार धागेही पुरतील. पण चार धाग्यांची दोरी बोटं कापेल, बाणाच्या नॉकमध्ये ढिली बसेल, एक धागा झिजला की पाव ताकद जाईल आणि फास टोकात रुतेल. जाडी हवी ती यासाठी. म्हणजे धाग्यांची संख्या ठरवताना ताकद ही शेवटून दुसरी गोष्ट आहे.

पण जाडी वाढवत सुटलं तर तेही नडतं. दोरीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग बाणाच्याच पाठीवर बसतो असं धरा. सोळा धाग्यांची दोरी 30 पौंडांच्या धनुष्याला लावली तर बाण आळशी होतो आणि दोष मात्र धनुष्याला मिळतो. डॅक्रॉनची आणखी एक खोड म्हणजे नवी दोरी पहिल्या पन्नास-शंभर बाणांत लांबते. घाबरू नका, उतरवून चार-पाच पीळ जास्त द्या.

फास्टफ्लाइट, डी-97 वगैरे नावांनी जे मिळतं ते दुसऱ्या घराण्यातलं, पॉलिइथिलीनचं. आपल्या प्लास्टिकच्या पिशवीचा फार शिकलेला भाऊ म्हणा. तुटण्याआधी जेमतेम साडेतीन टक्के लांबतं, पाणी अजिबात पीत नाही आणि डॅक्रॉनपेक्षा हलकं. टोकं पक्की असतील तर दोरी फार छान, बाणाला फरक जाणवतो. दोन गोष्टी सांभाळा. एक, धागे कमी लागतात म्हणून फास बारीक होतो, तेव्हा फासाच्या जागी जास्तीचे धागे घालून तो जाड करून घ्या. दोन, याला उष्णता सोसत नाही. सुमारे 150 अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून हळूहळू लांबत जातं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दोरी चढवलेलं धनुष्य ठेवून जेवायला जाऊ नका. (धनुष्य चढवून ठेवून जेवायला जाऊच नका, पण ते वेगळं.)

2023 मध्ये बर्लिनला ओजस देवतळे आणि अदिती स्वामी जागतिक अजिंक्यपद घेऊन आले, तेव्हापासून बरीच पोरं "त्यांची दोरी" मागतात. ती कंपाउंड धनुष्यं आहेत, चाकं आणि केबलवाली. त्यांच्या दोरीत न लांबण्यासाठी व्हेक्ट्रान नावाचा धागा मिसळतात. आपल्या बांबूला ती लावणं म्हणजे सायकलला ट्रकचा ब्रेक.

काय लावू नये ते झटपट सांगते. केव्हलार नको. 1970-80 च्या दशकांत त्याचं कौतुक झालं, पण ओढायला राक्षस असलेला हा धागा वाकवायला काच आहे, नॉकपाशी आणि फासापाशी आतून तुटत जातो आणि न सांगता जातो. नायलॉन नको, रबरासारखा लांबतो. तंगूस तर मुळीच नको, मासे पकडायला ठेवा. मांजा म्हणणाऱ्याला मी घरात घेत नाही.

आता नैसर्गिक धागे. इथे मी जरा रेंगाळणार.

माझ्याकडे दुसरं धनुष्य आहे ते धडगावकडचं, भिल्ल कारागिराच्या हातचं, बांबूचं. कामठी म्हणतात. त्याला दोरीच नव्हती, म्हणजे आपण समजतो तशी. बांबूच्याच हिरव्या पाठीची तासलेली पट्टी, दोन टोकांना बांधलेली. बांबूची सगळी ताकद बाहेरच्या पाठीत असते, ती जवळपास ताणत नाही आणि तुटली तर दुसरी शेजारच्या बेटातून काढता येते. मुंबईत बेट नाही, म्हणून मी दोरी वळते. पण ज्या खाचेत रुंद पट्टी बसत होती, तिथे बारीक फास घालायचा नाही एवढं त्या पट्टीने शिकवलं.

जवसाचा धागा, म्हणजे लिनन, हा माझा लाडका. गंमत अशी, की तोही फार ताणत नाही, दोन-तीन टक्के फक्त. मग तो जुन्या लाकडी धनुष्यांना कसा चालला? कारण ताकदीसाठी तो जाड वळावा लागतो, जाड फास दणका पसरवतो, आणि इंग्लिश लाँगबोच्या, म्हणजे माणसाएवढ्या लांब सरळ लाकडी धनुष्याच्या, टोकांवर शिंगाची टोपी असायची. 1545 मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे इंग्लिश लढाऊ जहाज 1982 साली वर काढलं (इथे गिरणी संप चालू होता तेच वर्ष). त्या जहाजावर शंभराहून जास्त धनुष्यं सापडली. लाकूड जवळपास साडेचारशे वर्षं टिकलं, हेंपच्या (भांगेच्या झाडाचा धागा) आणि जवसाच्या दोऱ्यांची माती झाली. शिवाय लिननची दोरी आधी तुटते आणि धनुष्य वाचवते. जपानच्या क्यूदोवाल्यांना (क्यूदो म्हणजे तिथली धनुर्विद्या) हेंपची दोरी अजून प्रिय आहे, ती याच हिशेबाने.

आपल्याकडचे वाख पुष्कळ आहेत: अंबाडी, ताग, घायपात, मुरुडशेंगेची साल, आणि दसऱ्याला ज्याची पानं आपण सोनं म्हणून लुटतो त्या आपट्याची सालसुद्धा. घायपात राठ असतो, बोटं सोलतो. अंबाडी आणि ताग नीट विंचरून, बारीक वळून घेतले तर 25-30 पौंडांच्या धनुष्याला चांगले चालतात. सुताची दोरी लहान मुलाच्या धनुष्याला ठीक. मोठ्याला पुरेशी ताकद येईपर्यंत ती दावणीचा दोर होते.

तात, म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी, आणि चामडं यांचा मोह इथे धरू नका. लहानपणी आमच्या चाळीत पिंजारी यायचा, त्याच्या कमानीला तात असायची, आणि तो टणत्कार अजून कानात आहे. तीच तात पावसाळ्यात ढिली पडते. मुंबईत जुलैमध्ये हवाच अर्धी पाणी असते. रेशीम सुरेख, तुर्की धनुर्धरांची आवड, पण ओलं झालं की त्याची ताकद घटते. प्रमाणित हवेत सूत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरतं, रेशीम 11, जवस 12 आणि पॉलिएस्टर अवघं 0.4. जवस ओलं झाल्यावर उलट बळकट होतं, पण जवस काय आणि ताग काय, फुगून आखडतात. सुतळीने बांधलेली ताडपत्री पहिल्या पावसात कशी ताठ होते, तसं. सकाळी नीट चढवलेली दोरी भिजली की मुठीपासूनचं अंतर बदलतं आणि बाण वर-खाली जायला लागतात. जून ते सप्टेंबर मी मुकाट्याने डॅक्रॉन लावते.

धागा आणायचा कुठून? धनुर्विद्येचा धागा ऑनलाइन मिळतो. बाकीच्यासाठी मी नागदेवी स्ट्रीटवर दोरांच्या दुकानांत आणि धारावीत चामड्याच्या सामानवाल्यांकडे हिंडते. पण दुकानदाराने सांगितलेल्या नावावर जाऊ नका. मला 'प्युअर लिनन' म्हणून तीनदा पॉलिएस्टर मिळालंय. बोटभर धागा घेऊन घरी या आणि चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्या. जवस, ताग, सूत कागदासारखं जळतं आणि भुरकट राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर काळा धूर सोडत वितळतं, शेवटी टणक मणी राहतो. पॉलिइथिलीन ज्योतीपासून आक्रसून पळतं आणि मेणासारखं वितळतं. शंका राहिली तर वाटीभर पाण्यात एक थेंब साबण घालून धागा चुरडून बुडवा. पॉलिइथिलीन तरंगतं, पॉलिएस्टर तळाला जातं.

मग ताकद. यंत्र नको, बादली पुरते. धाग्याला गाठ मारून टांगू नका, गाठीपाशी ताकद निम्म्यावर येते आणि आकडा खोटा पडतो. वरचं टोक आडव्या बांधलेल्या लाटण्याला पाच-सहा वेढे देऊन अडकवा, खालचं बादलीच्या कडीला कापड गुंडाळून तसंच. मग तांब्याने पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं वजन मिळवायला विसरू नका. खाली पोतं अंथरा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतात. पाच वेळा करा आणि सर्वांत कमी आकडा धरा. समजा धागा 5 किलोला तुटला. 38 पौंड म्हणजे सुमारे 17 किलो, त्याची चौपट 70. म्हणजे 14 धागे किमान. नैसर्गिक धाग्यात जागोजागी कच्चे भाग असतात, म्हणून मी 20 किंवा 22 घेते.

वळायची कृती हातांना आधीच येते, फक्त ओळखीची करून घ्यायची. धाग्यांचे दोन पेड करा. प्रत्येक पेडाला स्वतःभोवती उजवीकडे पीळ द्या आणि दोन्ही पेड एकमेकांवरून डावीकडे टाका. उलटसुलट पीळ एकमेकांना धरून ठेवतात. आई म्हणायची, एकाच दिशेने वळलेला दोर म्हणजे रुसलेली सून, सोडला की उलगडला. लाकडा-बांबूचं सरळ धनुष्य असेल तर खाचेपासून खाचेपर्यंत मोजा आणि दोरी तीन इंच कमी ठेवा. तयार दोरीला एकूण वीसेक पीळ असू द्यात. कमी असतील तर धागे सुटे फडफडतात, फार दिले तर दोरी स्प्रिंगसारखी होते.

मधल्या भागावर, जिथे बाण बसतो, नायलॉनचा गोफलेला धागा घट्ट गुंडाळा, याला सर्व्हिंग म्हणतात. नायलॉन इथे चालतं, कारण त्याला ताण सोसायचा नाही, घासणं सोसायचंय. जाडी बरोबर झाली का ते असं बघा: बाण नॉकने दोरीवर अडकवून खाली लोंबू द्या आणि दोरीला बोटाने टिचकी मारा. बाण टिचकीला पडला तर बरोबर. आपोआप पडला तर सर्व्हिंग जाड करा. हा विनोद नाही, ढिलं नॉक ऐन वेळी सुटलं तर ते बाणाविना धनुष्य सोडल्यासारखं होतं आणि सगळा दणका धनुष्य खातं. टिचकीलाही हलला नाही तर पातळ करा. अशा सरळ धनुष्यावर दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचं अंतर सहा ते सात इंच. स्केल नसेल तर मूठ धनुष्याच्या मुठीवर उभी ठेवून अंगठा ताठ करा, दोरी अंगठ्याच्या टोकाशी यावी.

मेण मधमाशीचंच घ्या. मेणबत्तीचं कडक असतं, पापुद्रे होऊन गळतं. तीन भाग मेण आणि एक भाग राळ मंद आचेवर एकत्र वितळवली की जवसाला उत्तम चिकटते. दोरीवर फिरवा आणि चामड्याच्या तुकड्याने, हात गरम होईपर्यंत, घासून आत मुरवा. एक जरी धागा तुटलेला दिसला तर दोरी काढून टाका. गाठ मारून चालवू नका. तसं केलेली दोरी मी बोरिवलीच्या मैदानावर एका काकांच्या कपाळावर बसलेली पाहिली आहे.

आता माझं सध्याचं खूळ. संस्कृतात दोरीला मौर्वी म्हणतात, मूर्वेची म्हणून. मनुस्मृतीत क्षत्रियाची मेखला मूर्वेच्या ज्येची, म्हणजे धनुष्याच्या दोरीची, सांगितली आहे. मूर्वा म्हणजे नक्की कुठली वनस्पती यावर वैद्य आजही भांडतात, पण दावेदारांत एक आहे ती आपल्या बाल्कन्यांमधल्या स्नेक प्लांटची सख्खी बहीण. हे वाचलं तेव्हा माझ्या ग्रिलमध्ये तीन कुंड्या होत्या. पहिल्यांदा पानं बादलीत कुजवली. नवव्या दिवशी शेजारच्या वहिनी उंदीर मेलाय का विचारायला आल्या. दुसऱ्यांदा ओली पानंच पोळपाटावर ठेवून बोथट सुरीने खरवडली, हिरवा गर धुतला, आणि पांढरेशुभ्र, केसासारखे चमकणारे तंतू हातात आले. बादलीच्या कसोटीत एका वळलेल्या धाग्याने 4 किलो तोलले. चोवीस धाग्यांची दोरी वळली, मेण-राळ लावली आणि धनुष्य न चढवता कापडी पिशवीत घालून लोकलने बोरिवलीला नेलं. डब्यात एकीने विचारलं, पडद्याचा रॉड का? मी हो म्हटलं.

कामठीवर सहा बाण गेले. आवाज वेगळाच, भरीव, डॅक्रॉनसारखा फडफडता नाही. सातव्याला दोरी वरच्या फासापाशी तुटली. धनुष्य आणि टोकं शाबूत. फास उलगडून पाहिला तर आतल्या वळणावरचे तंतू कोवळे होते, आखूड पानांचे. आता कुंड्या पाच केल्यात. यंदा हातभर लांबीची जून पानं होईपर्यंत सुरी लावायची नाही असं ठरवलंय.